छपरावरचा माणूस आणि जमिनीवरचे निर्णय

कारखान्याच्या छपरावरून कामगार पडला की चौकशीत पहिला प्रश्न निघतो तो त्याच्या पट्ट्याचा. सेफ्टी बेल्ट बांधला होता का, बांधला असेल तर त्याचा हूक कशाला अडकवला होता, एवढे विचारून झाले आणि उत्तर नकारार्थी आले की कारण सापडल्याचे समाधान सर्वांनाच मिळते. अहवालात ‘सुरक्षा साधनांचा वापर न केल्यामुळे’ असे लिहिले जाते, ठेकेदार त्याला मान डोलावतो आणि वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या बातमीत तोल जाऊन पडल्याचे छापून येते. या उत्तरात खोटे असे बहुधा काही नसते. परंतु ते इतके अपुरे असते की, त्याच्या आधाराने पुढचा अपघात टळण्याची आशा धरता येत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, छपरावरचा अपघात प्रत्यक्षात घडतो त्याच्या कितीतरी महिने आणि पुष्कळदा कितीतरी वर्षे आधी तो जमिनीवर, कार्यालयात बसून ठरलेला असतो. छपराला कोणते पत्रे घालायचे, पावसाच्या पाण्याची पन्हळ कोठे काढायची, उजेडासाठी पारदर्शक पत्रे किती आणि कोठे बसवायचे, दुरुस्तीचे काम कोणत्या दराने आणि कोणत्या दिवशी उरकायचे, हे निर्णय घेणारी माणसे छपरावर चढत नाहीत, आणि जी माणसे चढतात त्यांना यांपैकी एकाही निर्णयात विचारले जात नाही. कामगाराचा पट्टा ही या साखळीतली शेवटची कडी आहे. तपास तिच्यापासून सुरू होऊन तिच्यापाशीच संपत असेल, तर मागच्या सगळ्या कड्या जशाच्या तशा राहतात.

१. दोष कामगाराचा, हा समज कोठून आला

अपघाताचे मूळ कामगाराच्या निष्काळजीपणात असते, ही समजूत अनुभवातून आपोआप उगवलेली नाही. तिला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील पोलाद व कोळसा उद्योगांत शंभरातले पंचाण्णव अपघात हलगर्जीपणाने होतात, असे कारखानदारांच्या वर्तुळात छातीठोकपणे सांगितले जात असे. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या क्रिस्टल ईस्टमन या संशोधिकेने पिट्सबर्ग परिसरातील ॲलेगेनी काउंटीत जुलै १९०६ ते जून १९०७ या बारा महिन्यांत कामावर मृत्यू पावलेल्या ५२६ जणांची प्रकरणे तपासली आणि १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘वर्क-ॲक्सिडेंट्स अँड द लॉ’ या ग्रंथात तो दावा मोडून काढला. ज्याला निष्काळजीपणा म्हटले जाते त्याच्या मागे लांबलेले कामाचे तास, कामाचा वेग आणि धोक्याची अंगवळणी पडलेली सवय उभी असते, हे तिने दाखवून दिले.

तरीही समज टिकला, कारण १९३१ साली त्याला आकड्यांचे बळ मिळाले. ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीतील हर्बर्ट विल्यम हाइनरिक यांनी ‘इंडस्ट्रियल ॲक्सिडेंट प्रिव्हेन्शन’ या पुस्तकात सुमारे ७५,००० प्रकरणांवरून असे मांडले की, ८८ टक्के अपघात असुरक्षित वर्तनामुळे, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे होतात आणि उरलेले २ टक्के अटळ असतात. हे आकडे विम्याच्या दाव्यांच्या आणि कारखान्यांच्या दफ्तरातील नोंदींवरून काढलेले होते, आणि अशा नोंदी लिहिण्याचे काम मुख्यतः पर्यवेक्षकांचे असे. म्हणजे ज्याच्यावर ठपका येण्याचा संभव, त्यानेच कारण लिहायचे, अशी ती पद्धत होती. हाइनरिक यांचा भौतिक धोके दूर करण्याला विरोध नव्हता, परंतु त्यांच्या पुस्तकातून जगभरच्या सुरक्षा विभागांनी उचलले ते मात्र ८८ टक्केच. दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनी आपल्याकडच्या कारखान्यांत बिल्ले लावले जातात, शपथ घेतली जाते, घोषवाक्यांची स्पर्धा होते आणि त्या घोषवाक्यांतला उपदेश जवळजवळ सगळा कामगारालाच उद्देशून असतो. पन्हळीची जागा चुकली, असे घोषवाक्य अद्याप कोणी बक्षिसाला पाठवलेले दिसत नाही.

या बाबतीत नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला १९२३ चा भरपाईचा कायदा सुरक्षा विभागांच्या पुढे गेलेला होता. कामगाराने सुरक्षेची सूचना जाणूनबुजून मोडली किंवा सुरक्षा साधन मुद्दाम काढून टाकले, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही, असे त्या कायद्यात म्हटले होते खरे; पण अपघातात मृत्यू झाला किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले, तर हा बचाव मालकाला घेता येत नाही, असेही त्याच तरतुदीत होते. जीव गेल्यावर कोणी पट्टा लावला नव्हता हा मुद्दा भरपाईपुरता गैरलागू ठरतो, हे कायद्याने कधीच मान्य केले. कारखान्यांतील चौकशीने ते अजून मान्य केलेले नाही.

२. ठिसूळ छपराला कडा नसते

उंचीवरचे काम म्हटले की डोळ्यांपुढे कडेवरून खाली पडणारा माणूस येतो. कारखान्याच्या छपरावरचा विशेष धोका याहून वेगळा आहे: तेथे माणूस छपरावरून नव्हे, तर छपरातून पडतो. महाराष्ट्रातील जुन्या औद्योगिक वसाहतींत, गोदामांत आणि यंत्रमागांच्या शेडमध्ये सिमेंटचे नालीदार पत्रे मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. हा पत्रा साधारण ६ मिलिमीटर जाडीचा आणि १.०५ मीटर रुंदीचा असतो, त्यात सिमेंटला बांधून ठेवण्यासाठी ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असतात, आणि लोखंडी कैचीवर आडव्या टाकलेल्या पर्लिनना तो जे आकाराच्या हुकांनी आवळलेला असतो. दोन पर्लिनमधले अंतर भारतीय मानकानुसार जास्तीत जास्त १.४ मीटर ठेवता येते. म्हणजे छपरावर चालणाऱ्या माणसाच्या पायाखाली, पर्लिनची अरुंद रेघ सोडली, तर सर्वत्र केवळ ६ मिलिमीटर सिमेंट असते.

लोखंड वाकते, लाकूड करकरते. सिमेंटचा पत्रा मात्र पूर्वसूचना न देता एकदम फुटतो. पदार्थविज्ञानाच्या भाषेत ठिसूळपणा तो हाच: भार सहन होईनासा झाल्यावर वाकून वेळ देण्याचा गुण त्यात नसतो. उन्हापावसात वर्षे काढलेल्या पत्र्याचा वरचा थर झिजलेला असतो, पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते, हुकाच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा गेलेल्या असतात, आणि गळती थांबवण्यासाठी दर दोन-चार वर्षांनी फासलेल्या डांबराखाली किंवा पांढऱ्या लेपाखाली त्या चिरा झाकल्या जातात. गळती थांबवण्याचा स्वस्त उपाय अशा रीतीने पुढच्या माणसासाठी धोका अदृश्य करून ठेवतो. उजेडासाठी मधूनमधून बसवलेल्या फायबरच्या पारदर्शक पत्र्यांचे तर आणखी वाईट होते. ते नवे असताना निदान वेगळे ओळखू येतात. पुढे उन्हाने पिवळे पडतात, त्यांवर धूळ आणि काजळी बसते, आणि एखाद्या वर्षी सगळ्या छपराला एकच रंग मारला गेला की कोणता पत्रा कशाचा हे वरून सांगता येत नाही.

जुने पत्रेवाले यावर आपला एक उपाय शोधून बसलेले असतात. पाऊल हुकांच्या रांगेवर टाकायचे, कारण हुकाखाली पर्लिन असते. शिकाऊ पोराला हीच पहिली शिकवण मिळते. ही शिकवण चुकीची नाही, पण ती माणूस रिकाम्या हाताने सरळ चालत असेल तोवरच उपयोगाची आहे. दोघे मिळून जवळजवळ ४० किलोचा तीन मीटर लांबीचा पत्रा उचलून नेत असताना, गंजलेली नट कापण्यासाठी ओणवे बसताना, किंवा नवा पत्रा वरच्या ओळीखाली सरकवण्यासाठी मागे रेटा देताना पाय हुकाच्या रेघेवर राहणे शक्य नसते. आणि ही सगळी तर छपराच्या दुरुस्तीची नेहमीची कामे आहेत. सहा मीटर उंचीवरून पडणारा माणूस साधारण १.१ सेकंदात, ताशी ३९ किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने खाली पोहोचतो. खाली सिमेंटची जमीन असते, नाहीतर यंत्र.

म्हणूनच ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाची सूचना आहे की, एखादे छप्पर भार पेलते असे जाणकाराने तपासून सांगितलेले नसेल, तर ते ठिसूळच धरून चालावे. तेथे छपराचे पत्रे तपासताना ४५ किलोची वाळूची पिशवी १.२ मीटर उंचीवरून त्यांवर टाकली जाते आणि ती आरपार जाते की अडते हे पाहिले जाते. चालताना ठेच लागून कोसळणाऱ्या माणसाचा आघात ही पिशवी मोजते. आपल्याकडे पत्रा विकत घेताना त्याची लांबी, जाडी आणि दर विचारला जातो. त्यावर माणूस पडला तर काय होईल, हा प्रश्न खरेदीच्या कागदावर येत नाही.

३. पट्ट्याचे गणित

पट्टा निरुपयोगी आहे असे येथे म्हणायचे नाही. मात्र तो कोणत्या अटींवर काम करतो हे पाहिल्यावर, प्रत्येक अपघातानंतर त्याचेच नाव घेणे किती वरवरचे आहे ते ध्यानात येते.

पहिली अट आधारबिंदूची, म्हणजे दोरीचे दुसरे टोक ज्याला अडकवायचे त्या जागेची. पडणाऱ्या माणसाच्या झटक्याला पुरे पडेल असा आधारबिंदू म्हणून अमेरिकी नियम साधारण २२ किलोन्यूटन, म्हणजे दोन टनांहून अधिक वजनाइतका, भार पेलण्याची अपेक्षा ठेवतात. सिमेंटच्या छपरावर अशी जागा मुळात नसते. जे-हूक पत्रा धरण्यासाठी असतो, माणूस धरण्यासाठी नव्हे. पर्लिन पत्र्याखाली दडलेली असते आणि कैचीपर्यंत पोहोचायचे तर पत्राच काढावा लागतो. ज्या छपरावर हूक अडकवायला काही नाही, त्यावर पट्टा बांधून चढलेला माणूस कागदोपत्री सुरक्षित आणि प्रत्यक्षात केवळ दोन किलो जड झालेला असतो.

दुसरी अट खालच्या मोकळ्या जागेची, आणि ही बहुतेकांच्या गावीही नसते. दोरी दोन मीटरची; झटका सौम्य करण्यासाठी तिला जोडलेला शोषक, म्हणजे शिवण उसवत जाऊन ऊर्जा जिरवणारी पट्टी, जास्तीत जास्त पावणेदोन मीटर उलगडू शकते; पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर; आणि वर किमान एक मीटर सुटीची जागा. पायाशी अडकवलेल्या दोरीने माणूस थांबण्यासाठी आधारबिंदूखाली या हिशेबाने सव्वासहा मीटर मोकळी जागा लागते. लघुउद्योगांच्या कितीतरी शेडची उंचीच सहा मीटरच्या आत असते आणि तिच्यातून यंत्राची उंची वजा करावी लागते. अशा शेडमध्ये पट्टा, दोरी, शोषक सगळे नियमाप्रमाणे असूनही माणूस यंत्रावर आदळू शकतो. दोरी आखूड करावी, म्हणजे माणूस कडेपर्यंत पोहोचणारच नाही, हा उपाय सपाट गच्चीवर चांगला लागू पडतो; पण ठिसूळ छपराला कडा नसते, किंवा असे म्हणावे की त्याचा प्रत्येक पत्रा ही कडाच असते.

तिसरी अट सुटकेची. पट्ट्यात लोंबकळत राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचू लागते आणि त्याला काही मिनिटांत खाली आणावे लागते. त्यासाठी शिडी, दोर आणि ते वापरता येणारी दोन माणसे जागेवर हवीत. साप्ताहिक सुटीच्या दिवशी, फाटकावर एकटा रखवालदार असताना, ही माणसे कोठून यायची?

चौथी गोष्ट तर आणखी साधी आहे. कमरेला बांधायचा जुना पट्टा आपल्या बाजारात अजून दिसतो. अमेरिकेत पडणाऱ्याला थांबवण्यासाठी त्याचा वापर १ जानेवारी १९९८ पासून बंद आहे, कारण झटक्याचा सगळा भार पोटावर आणि कण्यावर येतो.

४. काम देण्याची रीत

छपराच्या दुरुस्तीचे दिवस ठरलेले असतात. पहिला वळीव कोसळला, मालावर पाणी ठिबकले की मृगाच्या आधी सगळे उरकून घेण्याची घाई सुटते आणि साऱ्या औद्योगिक वसाहतीला तेच मोजके पत्रेवाले एकाच वेळी हवे असतात. दरपत्रके मागवली जातात, काम नगावर किंवा चौरस फुटावर ठरते, सर्वांत कमी दराला ते दिले जाते आणि ऑर्डरच्या शेवटी ‘सर्व सुरक्षा साधनांची जबाबदारी ठेकेदाराची राहील’ असे एक कलम टाइप केलेले असते. हे कलम लिहिणाऱ्याला आपण जबाबदारी पार पाडली असे वाटते. वस्तुतः त्याने ती अशा माणसाकडे सरकवलेली असते, ज्याने ती प्रामाणिकपणे पार पाडायची ठरवली असती तर त्याचा दर वाढला असता आणि हे काम त्याला मिळालेच नसते.

नगावर मजुरी म्हणजे वेळ हीच मजुरी. फळ्या वर चढवणे, त्या बांधणे, काम पुढे सरकेल तसतशा त्या हलवणे, खाली जाळी ताणणे यांत जाणारा प्रत्येक तास टोळीच्या कमाईतून वजा होतो. अशा व्यवस्थेत माणूस पट्ट्याचा हूक दर चार पावलांवर काढून लावत बसत नाही, तेव्हा त्याला निष्काळजी म्हणणे म्हणजे ज्या वागण्याला दर ठरवताना बक्षीस लावले, त्याच वागण्याला अपघातानंतर शिक्षा करणे होय. त्यात उत्पादन बंद ठेवायचे नाही म्हणून काम सुटीच्या दिवशी, आणि त्या कामाच्या परवान्यावर सही करणारा अधिकारी छपरावर न जाता ती आदल्या संध्याकाळीच करून ठेवतो.

पत्रेवाल्यांना निदान हुकाची रेघ ठाऊक असते. त्यांच्याहून अधिक धोक्यात असतात ती अशी माणसे, ज्यांचे हे कामच नाही. दोन शेडमधल्या पन्हळीत पाला, प्लास्टिकच्या पिशव्या आणि कबुतरांची विष्ठा साचते, त्या चिखलात पिंपळाचे रोप उगवते आणि पाणी तुंबून आत येऊ लागते. मग पन्हळ साफ करायला माळ्याला किंवा सफाई कामगाराला शिडी लावून चढवले जाते. कॅमेऱ्याची वायर ओढायला इलेक्ट्रिशियन जातो. अलीकडे छपरावर सौर पॅनेल बसले आहेत आणि त्यांवरची धूळ धुण्यासाठी वर्षातून कितीतरी वेळा माणसे वर जातात. ज्या छपरावर पूर्वी वर्षातून एकदा पाऊल पडे, ते आता नित्याची कामाची जागा झाले आहे. त्याची रचना मात्र अजून आच्छादनाचीच आहे.

५. कायद्यात काय होते, काय आहे

कायदा नव्हता असे म्हणता येणार नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ ने उंचीवर काम करणाऱ्याच्या सुरक्षेसाठी कठडा किंवा अन्य व्यवस्था करण्याचे बंधन घातले होते, आणि १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७-अ ने कारखान्यातील सर्व कामगारांच्या सुरक्षेचे सर्वसाधारण कर्तव्य भोगवटादारावर, म्हणजे कारखान्यावर अंतिम नियंत्रण असणाऱ्यावर, टाकले होते. त्या अधिनियमातील कामगाराच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही येत असे, मग मुख्य मालकाला त्याची माहिती असो वा नसो. राज्यांच्या कारखाना नियमांत तर ठिसूळ छपराचा स्वतंत्र उल्लेख आढळतो: तीन मीटरहून अधिक खाली पडण्याचा धोका असेल तर भक्कम टेकू दिलेल्या शिड्या किंवा रांगत जाण्याच्या फळ्या, आणि प्रत्येक खेपेला जबाबदार व्यक्तीचा लेखी परवाना.

जुन्या व्यवस्थेत बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा वेगळा होता आणि कारखाने अधिनियम लागू असलेले काम त्याच्या कक्षेबाहेर होते; कारखाना सुरू होण्यापूर्वीच्या उभारणीला तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली स्पष्ट केले. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० ने १३ कायदे एकत्र आणले, त्यांत हे दोन्ही आहेत, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कर्तव्य मोडल्याने मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा किमान पाच लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा तिच्यात असून दंडाचा किमान अर्धा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. पण तिच्यातली प्रकरणे माणसांच्या संख्येवर बेतलेली आहेत. सुरक्षा अधिकारी ५०० कामगारांच्या कारखान्याला, धोकादायक प्रक्रिया असल्यास २५० च्या; कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी ५० पासून पुढे. छपरावर चढणारी टोळी पाच-सहा जणांची असते आणि धोका माणसे मोजून येत नाही.

६. क्रम उलटा करावा लागतो

सुरक्षाशास्त्रात धोका हाताळण्याचा क्रम सर्वमान्य आहे: आधी धोका मुळातून काढावा, ते न जमल्यास कमी धोक्याचा पर्याय घ्यावा, मग अडथळे आणि बांधीव साधने, त्यानंतर परवाने व प्रशिक्षण, आणि सर्वांत शेवटी अंगावरची साधने. आपल्याकडे हा क्रम तळापासून वाचला जातो आणि पहिल्याच पायरीवर थांबतो.

छपराच्या बाबतीत धोका मुळातून काढणे याचा अर्थ वर जाण्याचे कारणच काढून टाकणे असा होतो, आणि ते वाटते तितके अशक्य नाही. दोन उतारांच्या मधोमध पन्हळ काढली की ती दरवर्षी साफ करायला माणूस वर जाणारच. पाणी बाहेरच्या कडांना सोडणारी रचना केली तर तीच सफाई जमिनीवर ठेवलेल्या परांचीवरून होते. उजेड छपरातून न घेता भिंतीच्या वरच्या पट्ट्यातून घेतला तर फसवे पारदर्शक पत्रे राहत नाहीत. पाहणी ड्रोनने होते. पुष्कळशी दुरुस्ती खालून, उचलत्या मंचावरून करता येते, आणि तो भाड्याने मिळतो. जेथे वर गेल्याशिवाय भागत नाही तेथे पन्हळीच्या कडेने कायमचा लोखंडी मार्ग आणि कठडा हवा, पारदर्शक पत्र्यांवर जाळी हवी. अमेरिकी नियम अशा पत्र्याला छपरातले भोक समजतात आणि त्याला झाकण किंवा कठडा मागतात. जपानचा १९७२ चा नियम आणखी सरळ आहे: ठिसूळ पत्र्यांच्या छपरावर काम असेल तर किमान ३० सेंटिमीटर रुंदीच्या फळ्या आणि खाली जाळी. त्या नियमात कामगाराच्या सावधपणाबद्दल एक अक्षर नाही, हेच त्याचे शहाणपण.

धातूचे पत्रे घातले की प्रश्न सुटला, असेही नव्हे. ते गंजतात, निसरडे असतात आणि त्यांच्यातही पारदर्शक पत्रे असतात. जुना सिमेंटचा पत्रा काढताना ॲस्बेस्टॉसचे तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात जातात. तो फोडायचा नाही, कोरडा कापायचा नाही, ओला करून अख्खा उतरवायचा, हे काम देतानाच लिहून द्यावे लागते.

७. आक्षेप

पहिला आक्षेप अनुभवाचा: तीस वर्षे याच छपरांवर वावरलेल्या माणसांना फळ्या शिकवायला जाणारे हे कोण? यात एक चूक दडलेली आहे. तीस वर्षे वावरून जे पडले नाहीत तेच हा युक्तिवाद करायला हजर असतात. शिवाय माणसाचा अनुभव वाढतो त्याच काळात पत्र्याचे वयही वाढते. पर्लिन कोठे आहे हे अनुभव सांगतो, पण लेपाखालची चीर कोठे आहे हे त्याला सांगता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साधने दिली तरी कामगार ती वापरत नाहीत, असे व्यवस्थापक सांगतात, आणि ते पुष्कळदा खरे असते. परंतु फळी आणि जाळी ही साधने पट्ट्यासारखी नाहीत. खाली ताणलेली जाळी कामगाराने लक्षात ठेवण्यावर अवलंबून नसते. तो दमलेला असो, उन्हाने भोवंडलेला असो की घाईत असो, ती आपले काम करते. मानवी स्वभाव चुकणारा आहे हे ज्यांना इतके पक्के ठाऊक आहे, त्यांनीच चूक पचवणारी साधने आधी मागायला हवीत. सगळा भार पुन्हा माणसाने न चुकण्यावर टाकणे हे त्यांच्याच निदानाशी विसंगत आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. लहान कारखानदाराला हे परवडत नाही, ही तक्रार खोटी नाही. पण मासिक वेतनाची १५,००० रुपयांची मर्यादा धरून १९२३ च्या कायद्यातील सूत्राने हिशेब केला तर पंचवीस वर्षांच्या कामगाराच्या मृत्यूची भरपाई सव्वासोळा लाख रुपयांच्या घरात जात असे. मुख्य मालकाला ठेकेदाराकडे बोट दाखवून तिच्यातून सुटता येत नसे. आधी त्याने द्यायची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायची, अशी त्या कायद्याची रचना होती. फळ्या आणि जाळ्या मात्र एकदा घेतल्या की वर्षानुवर्षे वापरता येतात. एकट्या कारखान्याला त्या जड जात असतील तर वसाहतीतील उद्योजक संघटनेने एक संच ठेवून तो आळीपाळीने द्यावा. ज्या संघटना वीजदर आणि मालमत्ता कर यांसाठी एकत्र येतात, त्यांना हे अवघड जाऊ नये.

अडचण दरपत्रकातली आहे, तेव्हा सुरुवातही तेथूनच करावी. येत्या उन्हाळ्यात छपराच्या दुरुस्तीसाठी दर मागवणाऱ्या प्रत्येक कारखानदाराने फळ्या, जाळी, आधारबिंदू आणि सुटकेसाठी थांबणारी दोन माणसे यांचा खर्च वेगळ्या ओळीत मागावा, त्या ओळीवर घासाघीस करू नये, आणि ज्या दरपत्रकात ती ओळ कोरी असेल ते सर्वांत स्वस्त असले तरी बाद करावे.